छोट्या आरसी हेलिकॉप्टरची शेपटी का डगमगते? टेल लिंकेजची सुधारणा समजून घेताना

रेडिओ नियंत्रणावर उडणारे छोटे हेलिकॉप्टर, ज्याला या छंदातले लोक आरसी हेलिकॉप्टर म्हणतात, ते हवेत एका जागी धरायला जमू लागले की बहुतेकांची पुढची अडचण शेपटीची असते. रेडिओच्या काठीला बोटही न लावता शेपटी डावी-उजवीकडे हलत राहते, गिरकी थांबवली तरी नाक थोडे पुढे जाऊन परत येते, किंवा वेगाने खाली उतरताना अचानक थरथर सुरू होते. मग सल्ले येतात: जायरो बदला, वेगवान सर्व्हो घाला, शेपटीचे सगळे प्लास्टिक काढून ॲल्युमिनियम बसवा. यांतला प्रत्येक सल्ला कुठल्या ना कुठल्या हेलिकॉप्टरला लागू पडतो. परंतु दोष पुष्कळदा जायरो आणि शेपटीच्या पात्यांना जोडणाऱ्या यांत्रिक साखळीत, म्हणजे टेल लिंकेजमध्ये असतो, आणि तो न ओळखता आणलेला महागडा भाग काहीच बदलत नाही. लिंकेज सुधारायचे म्हणजे त्यातले घर्षण, ढिलाई आणि वाक हे तीन दोष काढायचे, आणि माझ्या मते तेही याच क्रमाने.

शेपटीला काम काय असते

मोटर मुख्य रोटरला एका दिशेने फिरवते, तेव्हा तेवढाच पीळ उलट दिशेने हेलिकॉप्टरच्या सांगाड्याला बसतो. त्याला विरोध झाला नाही, तर सांगाडा स्वतःभोवती गरगरू लागेल. हा विरोध टेल रोटर करतो: शेपटीच्या टोकावरची छोटी पाती आडवा जोर लावतात आणि नाक जागेवर राहते. मुख्य रोटरचा पीळ मात्र क्षणाक्षणाला बदलतो, कारण हेलिकॉप्टर वर चढताना तो वाढतो आणि उतरताना कमी होतो. म्हणून शेपटीचा जोरही सतत कमी-जास्त करावा लागतो.

अगदी लहान काही हेलिकॉप्टरांत शेपटीला स्वतंत्र मोटर असते आणि तिचा वेग बदलून हे काम साधते. तिथे लिंकेजच नसते, त्यामुळे हा लेख त्यांच्यासाठी नाही. इथे विषय आहे तो पात्यांचा कोन बदलणाऱ्या शेपटीचा. या कोनाला पिच म्हणतात.

पिच बदलण्याचा आदेश पुढून मागे कसा जातो, हे एकदा नीट पाहिले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. जायरो हा नाक किती वेगाने वळते आहे ते मोजणारा संवेदक. तो सर्व्होला, म्हणजे हुकमाप्रमाणे ठरावीक कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरयंत्राला, आज्ञा देतो. सर्व्होच्या दांड्यावरचा हॉर्न, म्हणजे छोटी भुजा, फिरतो, हॉर्नवर एक गोल बॉल असतो, आणि त्या बॉलवर पुशरॉडची प्लास्टिकची कडी, म्हणजे बॉल लिंक, दाबून बसवलेली असते. पुशरॉड म्हणजे शेपटीच्या नळीच्या, अर्थात टेल बूमच्या, कडेने मागे जाणारी बारीक सळई. मागे तिचे दुसरे टोक बेलक्रँक नावाच्या काटकोनी तरफेला जोडलेले असते. ही तरफ टेल रोटरच्या शाफ्टवरचा स्लायडर आत-बाहेर सरकवते आणि स्लायडर दोन्ही पात्यांचे कोन एकाच वेळी बदलतो. हॉर्नवरच्या बॉलपासून पात्यांच्या ग्रिपपर्यंत, म्हणजे पाती धरणाऱ्या पकडीपर्यंत, मोजले, तर हलणारे सांधे सहापेक्षा कमी भरत नाहीत, आणि प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई आणि थोडे घर्षण असतेच.

ढिलाईने जायरो कसा फसतो

आजचे बहुतेक जायरो नाकाची दिशा धरून ठेवणाऱ्या पद्धतीने काम करतात. वाऱ्याने नाक दोन अंश वळले, तर ते दोन अंश भरून निघेपर्यंत जायरो सर्व्होला हलवत राहतो. किती जोमाने हलवायचे हे गेन नावाच्या मापाने ठरते: गेन जास्त असेल तर शेपटी घट्ट धरली जाते आणि कमी असेल तर सैल.

आता साखळीत ढिलाई असली, तर काय होते ते पाहा. हँडल ढिले असलेली सायकल सरळ चालवायला गेले, तर हँडल थोडे फिरवूनही चाक वळत नाही, म्हणून चालवणारा आणखी फिरवतो, आणि मग चाक अपेक्षेपेक्षा जास्त वळते. तो उलट फिरवतो, तर पुन्हा तेच घडते. जायरोचे अगदी असेच होते. त्याची पहिली आज्ञा सांध्यांची पोकळी भरण्यातच खर्च होते, नाक अजून वळतेच आहे असे त्याला दिसते, तो आज्ञा वाढवतो आणि पाती एकदम जास्त फिरतात. शेपटीचे न थांबणारे हेलकावे इथून जन्माला येतात. गेन कमी केला की हेलकावे थांबतात, पण शेपटीची पकडही जाते. गेन समाधानकारक पातळीवर नेताच शेपटी डगमगते, ही तक्रार ऐकली की माझी पहिली शंका लिंकेजवर असते.

छोट्या हेलिकॉप्टरात हे जास्त जाणवते, आणि त्याची दोन कारणे आहेत. पहिले मापाचे. समजा, स्लायडरच्या ८ मि.मी. हालचालीत पात्यांचा कोन ४० अंशांनी बदलतो. मग सांध्यांमध्ये मिळून फक्त ०.२ मि.मी. ढिलाई असेल, तर पाती १ अंश मोकळी राहतात. दुप्पट आकाराच्या हेलिकॉप्टरात तीच हालचाल १६ मि.मी. असेल, तर तेवढ्याच ढिलाईचा परिणाम अर्ध्या अंशावर येतो. हेलिकॉप्टर लहान झाले म्हणून साच्यातून निघणाऱ्या प्लास्टिकच्या कडीची अचूकता त्या प्रमाणात वाढत नाही.

दुसरे कारण जडत्वाचे आहे. एखाद्या वस्तूची सगळी मापे निम्मी केली, तर तिचे वजन आठव्या भागावर येते, पण वळवले जाण्याला तिचा विरोध बत्तिसाव्या भागावर येतो. त्यामुळे छोटे यंत्र किंचित चुकीच्या जोरानेही पटकन वळते. मोठ्या हेलिकॉप्टरात जी चूक स्वतःच्या जडपणात मुरून जाते, ती ३२५ मि.मी. लांबीच्या मुख्य पात्यांच्या, ज्याला ४५० वर्ग म्हणतात त्या हेलिकॉप्टरात डोळ्यांना दिसते. त्याहून लहान वर्गात तर विचारूच नये.

इथे एक बारकावा आहे, जो अनेकांना चकवतो. फिरणाऱ्या पात्यांवरचा केंद्रोत्सारी जोर त्यांना सपाट, म्हणजे शून्य अंशाकडे, ओढत असतो. एका जागी तरंगताना शेपटीच्या पात्यांना काही अंशांचा कोन असतो, त्यामुळे साखळीवर सतत एकाच दिशेने ओढ राहते आणि सांध्यांची सारी ढिलाई एका बाजूला दाबून धरली जाते. त्या वेळी शेपटी शांत दिसते. वेगाने उतरताना मात्र मुख्य रोटरचा पीळ घटतो, पाती शून्याजवळ येतात, ओढ संपते आणि दडलेली ढिलाई उघडी पडते. तरंगताना सगळे ठीक आणि उतरताना थरथर, हे लक्षण बहुधा याच दिशेने बोट दाखवते.

घर्षण आधी काढावे

ढिलाई हाताला जाणवते, म्हणून सगळे तिच्यामागे लागतात. घर्षण मात्र लपून राहते. आणि माझ्या मते ते अधिक त्रासदायक आहे, कारण घट्ट सांध्याला छोटी आज्ञा कळतच नाही. जायरोची बारीक दुरुस्ती सांधा गिळून टाकतो, जोर साठत जातो आणि मग स्लायडर एकदम उडी मारतो. परिणाम ढिलाईसारखाच दिसतो, पण उपाय अगदी उलटा आहे. घट्टपणा असताना कुणी ढिलाई समजून आणखी घट्ट भाग बसवले, तर हेलकावे वाढतात.

ओळखण्याची परीक्षा सोपी आहे आणि तिला कुठलेही साधन लागत नाही. बॅटरी काढावी, सर्व्होच्या हॉर्नवरून बॉल लिंक सोडवावी आणि हेलिकॉप्टर हातात धरून नाक वर, मग नाक खाली करावे. पुशरॉड, बेलक्रँक आणि स्लायडर या साऱ्यांनी मिळून केवळ स्वतःच्या वजनाने किंवा बोटाच्या अगदी हलक्या स्पर्शाने सरकायला हवे. तसे झाले नाही, तर मागूनही लिंक सोडवून अडथळा कुठे आहे ते शोधावे. नुसता रॉड अडत असेल, तर बूमवरच्या गाइडची, म्हणजे रॉडला आधार देणाऱ्या पकडींची, रांग चुकलेली असते. नुसता स्लायडर अडत असेल, तर शाफ्ट वाकलेला, मळलेला किंवा बेलक्रँकचा स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळलेला असतो.

नव्या प्लास्टिकच्या बॉल लिंक पुष्कळदा घट्ट येतात. त्यासाठी कडीचे भोक बॉलच्या मापाचे करणारे रीमर मिळते. ते थोडेसे फिरवावे, लिंक बॉलवर बसवून पाहावी आणि गरज असेल तरच पुन्हा फिरवावे. एकदा जास्त कापलेली लिंक परत घट्ट होत नाही. लिंकच्या दोन बाजूही सारख्या नसतात: अनेक निर्माते तिच्या एका बाजूवर खूण कोरतात आणि ती बाहेर ठेवून लिंक बसवायची असते. उलटी बसवलेली लिंक नवी असूनही घट्ट चालते आणि लवकर झिजते.

बारीक सळईचे गणित

आता तिसरा दोष, वाक. ओढताना बारीक तारही सरळ राहते, ढकलताना मात्र ती एका मर्यादेनंतर मधोमध फुगते. ही मर्यादा काढण्याचे सूत्र १८ व्या शतकात लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने मांडले. दोन्ही टोकांना बॉल असलेली, १.५ मि.मी. जाडीची आणि ३०० मि.मी. लांबीची पोलादी सळई त्या सूत्रात घातली, तर ती सुमारे साडेपाचशे ग्रॅम वजनाइतक्या दाबालाच वाकू लागते. याउलट १.५ किलो-सेंमी जोराचा, म्हणजे १ सेंमी हॉर्नवर १.५ किलो ढकलणारा, छोटा सर्व्हो ८ मि.मी. हॉर्नवर कमाल १.९ किलोपर्यंत ढकलू शकतो. उडताना दर वेळी एवढा जोर लागत नाही हे खरे. परंतु आधाराशिवायची अशी सळई सर्व्होच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्यालाही उभी राहू शकत नाही, आणि जी हालचाल पात्यांपर्यंत जायची ती सळईच्या फुगण्यात जाते.

या सूत्रात सळईची मोकळी लांबी वर्गाने येते. म्हणून मधोमध एक गाइड बसवला, तर तीच सळई चौपट, म्हणजे सुमारे २.२ किलो दाब सहन करते, आणि समान अंतरावर दोन गाइड बसवले तर नऊपट. जाडीचा परिणाम त्याहून तीव्र, चौथ्या घाताने होतो: १.५ ऐवजी २ मि.मी. पोलाद घेतले, तर ताकद तिपटीहून थोडी जास्त होते, मात्र वजन सुमारे ४.२ ग्रॅमवरून ७.४ ग्रॅमवर जाते. कार्बन तंतूंची ३ मि.मी. बाहेरची आणि २ मि.मी. आतली नळी घेतली, तर विना गाइड सुमारे साडेचार किलोपर्यंतचा दाब चालतो आणि वजन दोन ग्रॅमच्याही आत राहते. कार्बन रॉड हा केवळ दिखावा नाही, तो याच कारणासाठी.

कंपनांची बाजू याहूनही रोचक आहे. प्रत्येक सळईची थरथरण्याची एक स्वाभाविक गती असते. वरच्या १.५ मि.मी. पोलादी सळईची ती गती, आधार नसेल तर, सेकंदाला सुमारे ३३ वेळा येते. मुख्य रोटर मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर त्याचीही गती सेकंदाला ३३ च्या आसपासच पडते, आणि या वर्गातली हेलिकॉप्टरे साधारण याच किंवा याहून वरच्या वेगाने फिरतात. दोन्ही गती जुळल्या की सळई तारेसारखी झुलू लागते आणि प्रत्येक झोक्याला पात्यांचा कोन थोडा हलतो. मधला एक गाइड हीच गती १३० च्या वर नेतो आणि वर सांगितलेली कार्बन नळी सुमारे १४० वर. ठरावीक वेगालाच शेपटी थरथरते आणि वेग बदलला की थांबते, तर रॉडकडे जरूर पाहावे.

म्हणून वाक काढताना माझ्या दृष्टीने पहिली सुधारणा गाइडची. बूमवरच्या प्लास्टिकच्या पकडी सैल करून, रॉड दोन्ही टोकांना जोडून, तो पूर्ण पुढे-मागे सरकवावा आणि पकडींना स्वतःहून रांगेत येऊ द्यावे. मगच त्या आवळाव्यात किंवा गोंदाच्या थेंबाने पक्क्या कराव्यात. पहिला गाइड सर्व्होला अगदी खेटून नको. हॉर्न गोलाईत फिरत असल्याने ८ मि.मी. हॉर्न ३० अंश फिरला की रॉडचे पुढचे टोक सुमारे १ मि.मी. बाजूला जाते, आणि गाइड फार जवळ असेल तर तिथे रॉड घासतो.

धातूचे भाग घेतलेच पाहिजेत का

दोन बेअरिंगवर फिरणारी ॲल्युमिनियमची बेलक्रँक ही खरी सुधारणा असू शकते, कारण साध्या बुशवर, म्हणजे बेअरिंगऐवजी बसवलेल्या गुळगुळीत नळीवर, फिरणारी प्लास्टिकची बेलक्रँक झिजली की तरफेचे टोक वर-खाली डुलते आणि ती ढिलाई थेट स्लायडरवर जाते. परंतु फायदा बेअरिंगचा असतो, चकाकीचा नव्हे. बेअरिंग नसलेली किंवा ढिल्या पिनवर बसवलेली धातूची बेलक्रँक चांगल्या प्लास्टिकपेक्षा वाईट ठरते. शिवाय पडझड झाल्यावर प्लास्टिक तुटते आणि दिसते. ॲल्युमिनियम किंचित वाकते आणि दिसत नाही.

बॉल लिंक मात्र प्लास्टिकच्याच ठेवाव्यात. धातूवर धातू घासला की झीज वाढते, आणि जुन्या कमी वारंवारितेच्या रेडिओवर अशा घासण्याने संदेशात अडथळाही येत असे. चांगल्या प्रतीची प्लास्टिकची लिंक आणि गुळगुळीत पोलादी बॉल ही जोडी बरीच टिकते, आणि झिजली तर केवळ लिंक बदलून भागते.

चांगला जायरो हे सगळे सांभाळून घेणार नाही का

हा आक्षेप रास्त आहे. नवे जायरो खरोखर हुशार आहेत, आणि साखळीतला हळू बदल, उदाहरणार्थ उन्हात ॲल्युमिनियमचा बूम किंचित लांबल्याने सरकलेला मध्यबिंदू, ते सहज सांभाळतात. पण जायरो जे मोजतो ते नाकाचे वळणे. मधल्या पोकळीत आज्ञा हरवली, तर ते त्याला उशिराच कळते, आणि हा उशीर कुठल्याही गणिताने भरून काढता येत नाही. तो सांभाळायचा तर गेन उतरवावाच लागतो. वेगवान सर्व्होचेही तसेच. ६० अंश फिरायला ०.०६ सेकंद घेणारा सर्व्हो वाकणाऱ्या सळईला लावला, तर सळई अधिक वेगाने वाकते, इतकेच. लिंकेज सुधारल्यानंतर मात्र तोच सर्व्हो आपली किंमत वसूल करून देतो.

अर्थात उलटही घडते. सर्व्होचे गिअर झिजून हॉर्नच हातात डुलत असेल, तर मागचे कितीही भाग बदलले तरी उपयोग नाही. म्हणून सर्व्होला वीज देऊन, हॉर्न बोटांनी हलवून ढिलाई तिथून मोजायला सुरुवात करावी आणि सांध्यासांध्याने मागे जावे.

रॉड सुटला तर

शेपटीचा ताबा गेला की हेलिकॉप्टर स्वतःभोवती गरगरते, आणि त्या वेळी मोटर तत्काळ बंद करून मुख्य रोटरच्या उरलेल्या फिरण्यावर खाली उतरवणे एवढेच हाती राहते. म्हणून जोडांच्या मजबुतीबाबत मी तडजोड करू नये असे म्हणतो. पोलादी सळई बहुधा आटे संपतात त्या जागी थकून तुटते, कारण आट्यांच्या खाचेत ताण साठतो. तिथे वाकलेली सळई सरळ करून पुन्हा वापरू नये. कार्बन नळीत कमकुवत जागा म्हणजे टोकाला चिकटवलेला आट्यांचा तुकडा. नळी आतून आणि धातूचा तुकडा बाहेरून पॉलिश कागदाने खरखरीत करावा, तेलकटपणा पुसावा, इपॉक्सीने चिकटवावा, पूर्ण वाळू द्यावा आणि मग दोन्ही हातांनी जोरात ओढून पाहावे. कार्बन कापताना उडणारी भुकटी फुप्फुसांना आणि त्वचेला त्रासदायक असते, त्यामुळे मास्क घालावा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. धातूत धातूचा स्क्रू जिथे जातो तिथे मध्यम ताकदीचे थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारे द्रव, लावावे. प्लास्टिकवर ते लावू नये, काही प्लास्टिक त्याने ठिसूळ होतात.

नवी जोडणी बसवल्यावर

लिंकेज बदलले की जुन्या सेटिंगवर थेट उडवू नये. जायरो दिशा धरण्याच्या पद्धतीतून काढून साध्या पद्धतीवर ठेवावा, सर्व्हो मध्यावर असताना हॉर्न आणि रॉड यांत काटकोन यावा, आणि मागे बेलक्रँकही काटकोनात असावी. रॉडची लांबी अशी ठरवावी की या स्थितीत पात्यांना मुख्य रोटरचा पीळ पेलण्यापुरता थोडा कोन असेल. त्यानंतर सर्व्होच्या हालचालीच्या दोन्ही टोकांच्या मर्यादा अशा ठेवाव्यात की स्लायडर शेवटपर्यंत जाईल, पण अडून सर्व्हो गुरगुरणार नाही. मर्यादा फारच कमी कराव्या लागत असतील, तर बॉल हॉर्नच्या आतल्या भोकात घ्यावा: हालचाल लहान होते, बारीकपणा आणि जोर वाढतो, वेग मात्र थोडा जातो.

पहिले उड्डाण मोकळ्या जागी, कमी गेनवर, डोळ्यांच्या उंचीइतके तरंगत करावे. जायरो साध्या पद्धतीवर असतानाच नाक कुणीकडे सरकते ते पाहून रॉडची लांबी अर्ध्या-एक फेऱ्याने दुरुस्त करावी. मग दिशा धरण्याची पद्धत सुरू करून गेन थोडा थोडा वाढवत जावा, शेपटी वेगाने थरथरू लागली की तिथून खाली यावे, आणि वेगाने उतरून पाहावे. जुन्या जोडणीवर जिथे थांबावे लागत होते, त्याच्या वर गेन नेऊनही शेपटी शांत राहिली, तर घर्षण, ढिलाई आणि वाक खरोखर कमी झाले आहेत. तसे नसेल, तर बॅटरी काढून हातात धरून करायची ती परीक्षा पुन्हा करावी, कारण नवे भाग बसवतानाच कुठेतरी काही घट्ट झाल्याची शक्यता मोठी असते.